दीड लाख किमी उलटलेली डिझेल, फरशीवरचे थेंब आणि २०डब्ल्यू-५०

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१२ ची १.३ लिटर टर्बो डिझेल, मीटरवर १,६८,००० किमी. राहणं जुळे सोलापुरात, महिन्यातून दोनदा पुण्याला फेरी. सकाळी गाडी बाहेर काढली की पार्किंगच्या फरशीवर दहा-बारा थेंब दिसतात. २,००० किमीत अर्धा लिटर ऑइल वरून घालावं लागतं. गॅरेजमध्ये सांगितलं, "गाडी जुनी झाली, आपल्याकडचं ऊन बघा, आता २०डब्ल्यू-५० घाला, गळती आपोआप कमी होईल." घालावं का?

घालू नका. निदान गळती कुठून आहे हे कळेपर्यंत तरी नको.

आधी हिशेब करू, कारण तुमच्याच आकड्यांत अर्धं उत्तर आहे. ऑइलचे साधारण २० ते ३० थेंब मिळून एक मिली होतो. रात्रीत बारा थेंब म्हणजे जेमतेम अर्धा मिली. महिनाभर रोज एवढं पडलं तरी पंधरा-अठरा मिली, म्हणजे औषधाच्या बाटलीच्या झाकणाएवढं. तुमचं जातंय अर्धा लिटर. मग फरशीवर दिसतंय ते आणि खरं कमी होतंय ते, या दोन वेगळ्या गोष्टी असल्या पाहिजेत. उरलेलं ऑइल एकतर इंजिन चालू असताना दाबाखाली बाहेर पडतंय आणि वाऱ्याने गाडीच्या पोटाला पसरतंय, नाहीतर जळतंय, नाहीतर ब्रीदर (इंजिनातला वायू बाहेर सोडणारी वाट) आणि टर्बोच्या वाटेने इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या पाइपात, जातंय. तिन्हींचा इलाज वेगळा आहे, आणि जाड ऑइल तिन्हींपैकी एकाचाही इलाज नाही.

जाड ऑइल कमी गळतं हा समज कुठून आला तेही सांगतो, कारण तो अगदी निराधार नाही. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंड ऑइलच्या जाडीचा, नंतरचा तापलेल्याच्या. ४० अंशांवर २०डब्ल्यू-५० हे ५डब्ल्यू-३० च्या अडीच पट तरी जाड असतं. त्यामुळे बंद उभ्या गाडीखाली थेंब कमी पडतात आणि गिऱ्हाइकाचं समाधान होतं. पण इंजिन तापून ऑइल १०० अंशांवर गेलं की ३० नंबरचं ऑइल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्सच्या (जाडी मोजायचं एकक) पट्ट्यात असतं आणि ५० नंबरचं १६.३ ते २१.९ च्या. दोन्ही पाण्यासारखी वाहतात. कडक होऊन चिरलेल्या सीलच्या फटीला त्या फरकाचं काही वाटत नाही. उलट जाड ऑइल ढकलायला पंपाला जास्त दाब लागतो. गळती दाबाच्या बाजूला असेल, म्हणजे ऑइल कूलर, फिल्टरचं घर, प्रेशर स्विच किंवा टर्बोची फीड लाइन यांपैकी कुठे, तर सकाळी गाडी चालू केल्यावरची पहिली दहा मिनिटं ती वाढतेसुद्धा.

तुमच्या इंजिनात ते न घालायला आणखी एक कारण आहे. त्यात टायमिंग चेन आहे आणि तिला ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. टॅपेटचं अंतर राखणारे हायड्रॉलिक अॅडजस्टरही ऑइलवरच भरतात. त्यांच्या वाटा बारीक असतात. २०डब्ल्यू-५० घातल्यावर सकाळी दोन-तीन सेकंद ऐकू येणारी खडखड म्हणजे तिथवर ऑइल पोचायला लागलेला उशीर. फिल्टरमधला बायपास व्हॉल्वही थंड जाड ऑइलला लवकर उघडतो, म्हणजे तेवढा वेळ ऑइल न गाळताच बेअरिंगला जातं. थेंब वाचवायच्या नादात चेन खराब करून घेणं हा फार महागाचा सौदा आहे.

आता सोलापूरच्या उन्हाचं. एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४२-४३ ला जातो हे खरं. पण तुमचं इंजिन पाण्याने थंड होतं, आणि थर्मोस्टॅट कूलंटला ९० अंशांच्या आसपास धरून ठेवतो, मग बाहेर १५ असो की ४३. रेडिएटर साफ, फॅन वेळेवर चालू होतोय आणि कूलंट बरोबर आहे, तर चालू इंजिनातलं ऑइल उन्हाळ्यात थोडंसंच जास्त तापतं. ते थोडंसं सांभाळण्याचं काम ४० नंबर आरामात करतो. उन्हाचा खरा मार बसतो तो गाडी थांबल्यावर. पुण्याहून टेंभुर्णी, मोहोळ करत दुपारी तीनला घरी आलात आणि लगेच चावी फिरवली, की वारा बंद, पाण्याचा पंप बंद, आणि टर्बोची व एक्झॉस्टची सगळी उष्णता बॉनेटखाली कोंडून बसते. पुढची पंधरा-वीस मिनिटं टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण) पॅकिंग आणि टर्बोजवळच्या ओ-रिंगा चालू गाडीपेक्षा जास्त भाजतात. साधं नायट्राइल रबर १०० ते १२० अंशांपर्यंतच टिकतं, त्यापुढे ते वाळत जातं. दहा-बारा उन्हाळे झाले की त्याची रबरपणाची लवच जाते. नव्या पॅकिंगवर नख दाबलं तर खूण उमटून भरून येते. जुनं काढून वाकवलं तर ते पापडासारखं मोडतं, आणि टॅपेट कव्हरच्या खाचेत त्याचा आकार चौकोनी चपटा होऊन बसलेला दिसतो. दाबून बसायला त्याच्यात काही उरलेलंच नसतं. गळतीचं मूळ इथे आहे, ऑइलच्या नंबरात नाही. म्हणून हायवेवरून आल्यावर मिनिटभर गाडी आयडलवर ठेवून मग बंद करा.

जागा कशी शोधायची ते नीट वाचा, कारण बहुतेक पैसे इथेच वाया जातात. ऑइल वरून खाली आणि पुढून मागे जातं. चेंबरच्या (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) कडेला थेंब लटकतोय म्हणून चेंबरचं पॅकिंग बदललं जातं, आणि महिन्याने थेंब पुन्हा तिथेच, कारण गळत होतं टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून.

थंड इंजिनवर डीग्रीझर मारा, ब्रशने घासा, अल्टरनेटर आणि वायरींचे कप्लर प्लॅस्टिकने झाका, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. डिझेल किंवा रॉकेलने धुऊ नका. होझ आणि बेल्ट फुगतात, शिवाय त्याचा ओलावा राहून पुढची तपासणी फसते. पूर्ण सुकलं की संशयाच्या सांध्यांवर साध्या टाल्कम पावडरचा पातळ थर द्या. गाडी वीस मिनिटं चालवा, मध्ये काही वेळ दोन-अडीच हजार आरपीएमवर ठेवा, मग टॉर्च घेऊन वरून खाली बघत या. पावडर जिथे सर्वांत वर ओली आणि काळी झाली ती जागा. त्याखालचं सगळं फक्त वाहून आलेलं. पहिल्या वीस मिनिटांत काही दिसलं नाही तर ५० किमी चालवून पुन्हा बघा. घाईने निदान करू नका.

दुसरी खूण वेळेची. इंजिन चालू असतानाच टपकत असेल तर दाबाची बाजू: फिल्टरच्या टोपीची ओ-रिंग, ऑइल कूलरचं गॅस्केट, प्रेशर स्विच, टर्बोची फीड. बंद केल्यावर हळूहळू पडत असेल तर टॅपेट कव्हर, क्रँकची सीलं, चेंबर, टर्बोची रिटर्न लाइन. रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा ठेवा आणि चाकांच्या खुणा त्यावर करून ठेवा, म्हणजे थेंब इंजिनाच्या कोणत्या बाजूचा ते कळतं. पडलेलं खरंच इंजिन ऑइल आहे ना, तेही बघा. गिअर ऑइल घट्ट असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो, कूलंट रंगीत आणि गोडसर वासाचं, पॉवर स्टिअरिंगचं बहुधा लालसर. एसीचं पाणी तर उन्हाळ्यात सगळ्यांच्याच गाडीखाली असतं.

यानंतरची पायरी गॅरेजमध्ये सहसा गाळली जाते, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची: ब्रीदर. पिस्टनच्या रिंगांवरून थोडा वायू नेहमीच खाली चेंबरमध्ये उतरतो. त्याला बाहेर जायची वाट ब्रीदरची. ती वाट काजळी आणि चिकट गाळाने तुंबली की चेंबरमध्ये दाब साठतो आणि तो प्रत्येक सील आतून बाहेर ढकलतो. अशा इंजिनात नवीन सील घातलं तरी दोन-तीन महिन्यांत ते पुन्हा पाझरतं, आणि मग "सील डुप्लिकेट होतं" असं म्हटलं जातं. तपासणी सोपी आहे. गरम इंजिन आयडलवर ठेवा, ऑइल भरायचं झाकण सैल करून त्याच तोंडावर उलटं ठेवा. हलकं थरथरलं तर ठीक. नाचून खाली पडत असेल आणि तोंडातून गाडीच्या आवाजाबरोबर धूर भकाभका येत असेल, तर एकतर ब्रीदर तुंबलाय किंवा रिंगा गेल्यात, ज्याला आपल्याकडे बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. आधी ब्रीदरचा पाइप आणि ऑइल सेपरेटर काढून साफ करा, मग पुन्हा बघा. साफ करूनही तोच जोर असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये भरणारा दाब, चेक करून घ्या. सगळ्या सिलिंडरांत दाब सारखा कमी भरतो की एकातच, यावर पुढचं काम ठरतं.

त्याच वेळी इंटरकूलरचा (टर्बोची हवा थंड करणारी जाळी) खालचा पाइप सैल करून बघा. आतून तेलाचा पातळ हात फिरवल्यासारखा थर असेल तर तो ब्रीदरमुळे असतोच, काळजी नको. चमचाभर, वाटीभर ऑइल बाहेर आलं तर टर्बोचं सील किंवा टर्बोची रिटर्न लाइन. टर्बोतून ऑइल फक्त उताराने खाली येतं. रिटर्न पाइप आत काजळीने अरुंद झाला, किंवा चेंबरमध्ये दाब असला, की ते परत येऊ शकत नाही आणि सीलवरून इनटेकमध्ये उतरतं. म्हणून टर्बो बदलायला सांगितलं तर आधी रिटर्न पाइप काढून त्यातून उजेड दिसतो का ते बघायला सांगा. ही गोष्ट लांबवू नका. इंटरकूलरमध्ये साठलेलं ऑइल जोरात ओढलं गेलं तर डिझेल इंजिन त्या ऑइलवरच पळू लागतं आणि चावी काढली तरी बंद होत नाही.

धूरही बघा. रात्रभर उभी गाडी चालू करताना निळा झोत येऊन थांबत असेल, किंवा तुळजापूरच्या घाटातून उतरताना पाय सोडून पुन्हा दाबल्यावर मागे निळं दिसत असेल, तर व्हॉल्व सीलं. चढावर दाबताना सतत निळा धूर असेल तर रिंगा किंवा टर्बो.

आणि एक अगदी साधी तपासणी: तुम्ही ऑइल जास्त तर भरत नाही ना? लांबच्या फेरीआधी "असू दे थोडं वर" म्हणून मॅक्सच्या खुणेवर बोटभर भरलं, की क्रँक ते घुसळतो, फेस होतो, तो ब्रीदरमधून इनटेकला जातो आणि ऑइल "कमी" होतं. मग पुन्हा भरतात. सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी, पट्टी पुसून पुन्हा घालून बघा. पुसायला जुन्या धोतराचा किंवा सुती साडीचा तुकडा घ्या. आपल्या इथे टेरी टॉवेल घरोघरी पडलेले असतात, पण त्यांचे तंतू सुटून पट्टीबरोबर आत जातात. पातळी मिन आणि मॅक्सच्या मध्ये, वरच्या बाजूला ठेवा. मीटरचा आकडा आणि घातलेले मिली लिहून १,००० किमी मोजा, अंदाजावर जाऊ नका.

आता प्रत्यक्ष काम. टॅपेट कव्हर सोपं, पण तेच सर्वांत जास्त बिघडवलं जातं. जुनं पॅकिंग काढून खाच आणि हेडचा माथा प्लॅस्टिकच्या खरवडीने साफ करा. पॉलिश पेपर नको, त्याची पूड आत जाते. रबराचं पॅकिंग कोरडं बसवा. सिलिकॉन लागतं ते फक्त जिथे दोन भागांचा सांधा किंवा अर्धगोल कोपरा येतो तिथे, डाळीच्या दाण्याएवढं. सगळ्या कडेने सिलिकॉन फासलेलं दिसलं तर काम नाकारा. दाबून आत फुगलेलं सिलिकॉन तुटून चेंबरमध्ये पडतं आणि ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतं. मग दिवा लागतो आणि इंजिन जातं, तेही गळतीपायी नाही, गळतीच्या इलाजापायी. बोल्ट मधून सुरू करून बाहेर, आळीपाळीने, टॉर्क पान्याने. आकडा पुस्तकातला घ्या. बहुतेक गाड्यांत तो ८ ते १० न्यूटन-मीटर इतका कमी असतो, म्हणजे मनगटाचा जोर, दंडाचा नाही. गळतंय म्हणून अजून आवळलं की पॅकिंग बाहेर सरकतं किंवा अॅल्युमिनियमचे आटे जातात.

चेंबरच्या बोल्टचा वॉशर प्रत्येक ऑइल बदलाला नवा. तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा हा वॉशर एकदा चेपून बसला की दुसऱ्यांदा तसा बसत नाही. आटे गेले असतील तर टेफ्लॉन टेप किंवा एम-सील लावून चालढकल करू नका, हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवून घ्या. फिल्टर टोपीच्या आत बसणारा असेल तर टोपीची ओ-रिंग फिल्टरबरोबर येते, तीही बदला, ऑइलचं बोट फिरवून बसवा. डबा फिल्टर असेल तर जुन्याची रबर रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना हे हात फिरवून बघा. दोन रिंगा एकावर एक राहिल्या तर हायवेवर काही मिनिटांत सगळं ऑइल बाहेर येऊ शकतं.

चेंबर सिलिकॉनने बसवतात तेव्हा दोन्ही कडा पूर्ण कोरड्या हव्यात, रेघ दोन-तीन मिलिमीटरची, बोल्टच्या भोकाच्या आतल्या बाजूने. मग ऑइल भरायची घाई नको. संध्याकाळी काम आणि सकाळी ऑइल, असं सांगूनच गाडी सोडा.

मागच्या क्रँक सीलला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. मजुरी मोठी, सील स्वस्त. म्हणून तो निर्णय सर्वांत शेवटी, पावडरची तपासणी करून, वरचे सगळे सांधे कोरडे आहेत याची खात्री झाल्यावरच. उतरवलाच तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग त्याच वेळी बघा. प्लेटवर ऑइल गेलं असेल तर ती पुसून चालत नाही, बदलावीच लागते. क्रँकवर जुन्या सीलच्या ओठाने खाच पाडली असेल, नख अडकण्याइतकी, तर नवं सील एखाद मिलिमीटर पुढे-मागे बसवतात किंवा वर बारीक स्लीव्ह चढवतात. त्याच जागी बसवलं तर तेही गळणार.

ऑइल कोणतं? तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात ५डब्ल्यू-३० आणि ५डब्ल्यू-४० दोन्ही दिलेले असतील आणि आजवर ३० वापरलं असेल, तर या वयाला ५डब्ल्यू-४० वर जा. एवढीच वाढ पुरेशी आहे. डब्ल्यूच्या आधीचा आकडा तोच राहिल्याने सकाळी चेन आणि टॅपेटला ऑइल तितक्याच लवकर पोचतं, गरम झाल्यावरचा थर मात्र थोडा जाड मिळतो. ऑइल जळत असेल तर त्याने किंचित फरक पडतो, गळतीला नाही. डब्यावर डिझेलचा दर्जा बघा: एपीआय सीआय-४ किंवा वरचा, अथवा एसीईए ए३/बी४. नुसता एसएन किंवा एसपी लिहिलेला डबा पेट्रोलचा, तो नको. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेलला, ज्यात डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असतो, तिथे कमी राखेचं ऑइलच हवं, सी३ किंवा पुस्तकात असेल ते. तिथे पातळी वाढत असेल तर ऑइलमध्ये डिझेल मिसळतंय असं समजा.

२०डब्ल्यू-५० किंवा १५डब्ल्यू-४० वाईट नाहीत. जुन्या पिकअप, जीप, आठ व्हॉल्वची जुनी पेट्रोल इंजिनं, ज्यांच्या पुस्तकातल्या तक्त्यात ते नंबर छापलेले आहेत, तिथे ते योग्यच आहेत. ५डब्ल्यूमधला डब्ल्यू म्हणजे विंटर हे ऐकून कुणी म्हणेल की आपल्याकडे थंडी कुठे आहे. पण सोलापुरातली डिसेंबरची पहाटदेखील चालू इंजिनाच्या ९० अंशांपुढे थंडच असते.

सिंथेटिक घातलं की जुनी गाडी गळायला लागते, असंही सांगतात. आजची सिंथेटिक ऑइलं रबराला आक्रसवत नाहीत. होतं असं, की कडक सीलच्या फटीत साठलेला गाळ नवं ऑइल धुऊन काढतं आणि आधीपासूनची फट उघडी पडते. हाय-मायलेज म्हणून मिळणाऱ्या ऑइलमध्ये रबराला थोडं मऊ करणारे घटक असतात. नुसतं ओलं राहणाऱ्या सांध्यावर हजार-दोन हजार किमीत त्याचा उपयोग होऊ शकतो, चिरलेल्या सीलवर नाही. बाटलीतून ओतायची गळतीबंद औषधं मात्र या इंजिनात घालू नका. मऊ झालेलं रबर पुढे सुटत जातं, आणि बारीक वाटांचं हे इंजिन त्यासाठी नाही. तसंच जुन्या इंजिनाला डिझेल टाकून फ्लश करू नका. गाळ असेल तर योग्य ऑइल घालून पहिले दोन बदल ३,००० किमीवर करा, गाळ हळूहळू निघतो. नंतर धूळ आणि गावातल्या छोट्या फेऱ्या बघता ७,५०० किमी किंवा वर्ष, जे आधी येईल ते. डिझेलचं ऑइल ५०० किमीत काळं होतं, त्यावरून घाई करू नका. डबा सीलबंद, बिलासह घ्या, सुटं पिंपातलं नको.

सगळीच गळती लगेच काढायची नसते. सांधा नुसता ओला आहे, धूळ चिकटून काळी पट्टी झालीय, थेंब पडत नाही आणि पातळी १,००० किमीत हलत नाही, तर पुढच्या सर्व्हिसपर्यंत राहू द्या. थेंब टर्बोवर किंवा एक्झॉस्टवर पडत असेल, जळका वास केबिनमध्ये येत असेल, किंवा अल्टरनेटरवर ऑइल जात असेल तर थांबू नका, तिथे आगीचा धोका आहे. तुमचा २५० मिली प्रति १,००० किमीचा वेग गाडी उभी करण्याइतका नाही. पण चेंबरमध्ये मुळात तीनेक लिटरच ऑइल असतं, तेव्हा पुण्याला निघण्याआधी आणि तिथून परत निघण्याआधी पट्टी बघायचीच. १,००० किमीला ५०० मिलीच्या वर गेलं तर कॉम्प्रेशन आणि टर्बो तपासल्याशिवाय लांब जाऊ नका. आणि वाटेत लाल ऑइलचा दिवा लागला, मग तो वळणावर क्षणभर का असेना, तर पुढच्या गावापर्यंत न्यायची नाही. बाजूला घ्या, इंजिन बंद करा, दहा मिनिटांनी पट्टी बघा. पातळी बरोबर असूनही दिवा लागत असेल तर पुन्हा चालू न करता गाडी ओढून न्या.